नोराचे ढब्बू पैसे

मे उजाडला की आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या आमच्या वसाहतीमागची सगळी कुंपणं पांढरी होतात. हॉथॉर्न म्हणतात या काटेरी झुडपाला. पानं दिसेनाशी होतील इतकी फुलं, आणि वास असा, की आवडला की नाही ते दहा पावलं पुढे गेल्यावर ठरवावं. इथली जुनी माणसं ती फुलं घरात आणू देत नाहीत, अपशकुन मानतात. हे मला डोनलनं सांगितलं होतं, गेल्या वर्षी, भिंतीपलीकडून. मी ऐकल्यासारखं केलं होतं. यंदा फुलं आली तशी मी मागच्या खोलीचा पडदा ओढून घेतला. झाडाला काय तोंड चुकवायचं माणसानं, पण चुकवते खरी.

गेल्या वर्षी या दिवसांत ऊन हटता हटत नव्हतं. एरवी इथे सलग दोन दिवस ऊन पडलं तर तिसऱ्या दिवशी लोक आभाळाकडे संशयानं बघतात. पण मार्चअखेर कोरोनापायी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी झाली, आणि आभाळ असं निळं झालं की कुणी मुद्दाम डिवचतंय. सत्तरीपुढच्यांनी तर उंबराच ओलांडायचा नाही. त्याला कोकूनिंग म्हणायचे. रेशमाचा किडा कोषात बसतो तसं घरात बसून राहायचं. "किड्याला निदान पुढे पंख फुटायची आशा असते," असं डोनल म्हणाला होता. त्याचं हे एक वाक्य मला नीट आठवतं. बाकीची का आठवत नाहीत, ते सांगायलाच हे लिहितेय.

डोनल म्हणजे आमच्या मागच्या भिंतीपलीकडचा शेजारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा. जन्मभर दलदलीतून पीट, म्हणजे जळणाची माती, काढायच्या कामावर होता, त्यामुळे बोटांची पेरं कायमची तपकिरी. लग्न केलं नाही. मोठी बहीण नोरा तरुणपणी अमेरिकेला गेली, मॅसॅच्युसेट्समध्ये एका डॉक्टरांचं घर तिनं तीस-पस्तीस वर्षं सांभाळलं, आणि म्हातारपणी परत येऊन डोनलच्याच घरात वारली. आम्ही चार वर्षं शेजारी होतो आणि आमचं सगळं बोलणं 'हाऊ आर यू' आणि 'ग्रँड', म्हणजे मजेत, यांत आटोपत होतं. इथे घराला आग लागली तरी माणूस आधी 'ग्रँड' म्हणेल आणि मग बंबाला फोन करेल.

भिंत बोलती केली ती माझ्या सासूबाईंनी. आई अकोल्याच्या. जानेवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, आणि परतीच्या तिकिटाच्या आधी विमानंच थांबली. दिवसभर करायचं काय, तर मागच्या खिडकीत उभं राहायचं. एके दिवशी त्यांनी डोनलला अंगणात उभ्याउभ्या टिनमधले बीन्स चमच्यानं खाताना पाहिलं आणि माझ्या मागे लागल्या. "एकटा माणूस हाय वं तो. मले घास नाई उतरत."

पहिला डबा साखरभाताचा गेला. स्टीलचा, कडीचा डबा. भिंतीवर ठेवायचा, हाक मारायची, दोन मीटर मागे सरायचं. दुसऱ्या दिवशी डबा भिंतीवर परत आला, घासूनपुसून लखलखीत आणि रिकामा. आईंनी झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सांग त्याले, भांडं रिकामं पाठवू नये मनावं. चिमटीभर साखर टाकली तरी चालते." मी म्हटलं, आई, इथे असलं काही नसतं. पण आई ऐकतात थोडंच. शेवटी मी भिंतीशी जाऊन डोनलला आमची रीत सांगितली. तो एवढ्या गंभीरपणे ऐकत होता, की मी कायदा वाचून दाखवतेय की काय. पुढच्या डब्यात साखर आली. त्याच्या पुढच्यात दोन बिस्किटं. आणि चौथ्या डब्यात, पेपर टॉवेलच्या घडीत, एक मोठं तपकिरी नाणं.

"साखर संपली," डोनल म्हणाला. "नोराच्या पेनी आहेत घरात टिनभर. त्या डॉक्टरांनी मरताना तिला देऊन टाकल्या. निदान चहात विरघळायच्या नाहीत."

आईंनी ते हातात घेतलं, वजन केलं आणि म्हणाल्या, "हा त ढब्बू पैसा होय. माह्या आजीच्या बटव्यात होते असे." त्यावरची मोकळ्या केसांची, खांद्यावर वस्त्र घेतलेली बाई त्यांनी निरखली. "ही कोन?" मी म्हटलं, लिबर्टी. "म्हंजे लक्ष्मीच ना?" मी म्हटलं, तसंच म्हणा. त्यांनी लगेच ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आमचे देव आहेत तिथे नेऊन ठेवलं आणि वर कुंकवाचं बोट लावलं. त्या आंघोळीला गेल्या तशी मी ते देवापुढून उचललं, मऊ फडक्यानं कुंकू टिपलं आणि माझ्या खोलीत नेलं. अगदी जपून. देवाचं म्हणून नव्हे. कुंकवाच्या ओलीनं तांबं खराब होईल म्हणून.

कारण मला ते नाणं काय आहे ते माहीत होतं. हे आईंना ठाऊक नव्हतं, डोनललाही नव्हतं. माझ्या नवऱ्याला, निखिलला, एवढंच ठाऊक होतं की बायकोला जुन्या नाण्यांचं वेड आहे आणि त्यावर काही न बोललेलं बरं.

लार्ज सेंट म्हणतात त्याला. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या टाकसाळीनं पाडलेला शुद्ध तांब्याचा सेंट, आपल्या जुन्या ढब्बू पैशाएवढा थोराड. त्यांतले सुरुवातीच्या वीसेक वर्षांतले तर फारच मोलाचे. साचे हातानं कोरलेले, त्यामुळे एकाच सालच्या दोन साच्यांचं तोंड जुळत नाही. कुठे आकडा कललेला, कुठे मागच्या हाराचं देठ राहूनच गेलेलं. एका साच्यात तर शंभरावा भाग लिहायच्या जागी छेदात नुसती शून्यं कोरून ठेवली आहेत. साच्याला तडा गेला तरी ठोकत राहायचे, आणि तो तडा प्रत्येक नाण्यावर उमटायचा. माझ्यासारखे लोक त्या तड्यांवरून साचा ओळखतात आणि त्यात जन्म घालवतात. मी इथल्या मेडिकल डिव्हाइस प्लांटमध्ये तपासणीला आहे. शिरेत घालायच्या नळ्या मायक्रोस्कोपखाली बघायच्या, केसाएवढा ओरखडा दिसला की बाजूला टाकायच्या. दिवसभर दोष दिसला की फेकायचं आणि घरी येऊन दोष दिसला की जीव टाकायचा, अशी माझी गत. कंपनीच्या कामाला बॉस्टनजवळ तीन महिने राहिले होते, तिथल्या रविवारच्या बाजारात पहिलं नाणं घेतलं. मग एकेक करत सहा झाली होती. सहाही झिजलेली, गरिबाघरची.

या छंदात पाप एकच आहे, नाणं घासणं. दोनशे वर्षांत तांब्यावर तपकिरी साय धरते, तीच त्याची अब्रू. घासलं की संपलं. मग ते कितीही दुर्मीळ असो, जाणकार माणूस ते हातात घेऊन 'अरेरे' म्हणतो आणि खाली ठेवतो.

त्या दिवशी मी डोनलला सांगायला हवं होतं. भिंत काही काशीला नव्हती. पण मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी पाटवडी केली. म्हटलं, ही रीतभातीची देवाणघेवाण आहे, त्यानं प्रेमानं दिलं, आपण प्रेमानं घ्यावं, उगाच किंमत कशाला काढा. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो. पाटवडीच्या डब्यातून अठराशे सातचा सेंट आला. त्यावर आणखी गोड बोलले.

आणि मग एकदा त्यानं सरळ विचारलं. मेचे पहिले दिवस होते, बंदी दोनावरून पाच किलोमीटरवर गेली होती आणि त्यालाही थोडं फिरायची मुभा मिळाली होती. भिंतीवर कोपर टेकून, कुंपणाच्या फुलांकडे बघत, सहज म्हणाला, "या पेनींना काही किंमत असेल का गं? तुला वाटतं?"

मी म्हणाले, "फारशी नसावी. पण छान आहेत."

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "असती तर नोरा बोलली असती."

बस, एवढंच. दोन वाक्यं. मी कुणाचा गळा कापला नाही, कुणाच्या घरात शिरले नाही. उन्हात उभी राहून, हसऱ्या चेहऱ्यानं, एका म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगितलं आणि आत जाऊन हात धुतले. तेव्हा आपण सगळेच उठता बसता हात धूत होतो.

त्या वसंतात मी जेवढं रांधलं तेवढं लग्नानंतर कधी रांधलं नसेल. आईंना वाटायचं सूनबाईचं मन मोठं आहे. "लय जीव हाय वं तुह्यात," म्हणायच्या, आणि मी कणीक तिंबत असायचे खाली मान घालून. आठवड्याला एक डबा जायचा, त्याचे दोन झाले, मग तीन. कोथिंबिरीची सांबारवडी त्याला झोंबली, तेव्हा मी तिखट सोडलं. पुरणपोळी आवडली, तर शनिवारी पुरणपोळी. चण्याची डाळ मिळेना तेव्हा मी निखिलला दुकानाच्या रांगेत तासभर उभा केला. निखिल म्हणाला, "अगं, मला कधी एवढं करून घातलं नाहीस." मी म्हटलं, तू एकटा नाहीस, तुझी आई आहे. उत्तर तयार होतं माझ्याकडे. त्या दिवसांत माझ्याकडे सगळ्याला उत्तर तयार असायचं.

मासे पकडणारी माणसं असतात ना शॅनन नदीच्या काठाला, गळ टाकून तासन्‌तास बसलेली. त्यांना मी आता नावं ठेवत नाही.

एक गोष्ट मला छळते ती ही. डबा परत द्यायला डोनल संध्याकाळी भिंतीशी यायचा. माझी चाहूल लागली की दार उघडायचा, दाढी केलेली असायची. आणि मग बोलायचा. चार महिन्यांत त्या माणसाला प्रत्यक्ष तोंडासमोर बोलायला मी आणि आई एवढ्याच होतो, आणि आईंना त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, तरी त्या मान डोलवत आपलं वऱ्हाडी बोलत राहायच्या. दोघांचं बरं चालायचं. माझं मात्र लक्ष डब्यात. अंगठ्यानं झाकण हळूच उचलायचं, पेपर टॉवेलची घडी चाचपायची, कडेवरून साल कोणतं असेल याचा अंदाज घ्यायचा. तो नोराबद्दल बोलायचा, पीटवरच्या छोट्या आगगाडीबद्दल बोलायचा, कुणा एका मुलीबद्दलही बोलला होता, जिच्याशी लग्न व्हायचं राहिलं. का राहिलं, ते त्यानं मला सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते. आज तुम्ही मला त्या मेमधल्या नऊही नाण्यांच्या साच्यांतले तडे विचारा, अंधारात काढून दाखवीन. ती मुलगी कोण, तिचं नाव काय, ते मला सांगता येणार नाही.

जूनच्या मध्यावर त्यानं तो टिनच भिंतीवर आणला. बिस्किटांचा, निळा, झाकणाला गंज आलेला. "तूच निवड," म्हणाला, "मला सगळ्या सारख्याच." वर्तमानपत्रावर त्यानं टिन पालथा केला. पंचवीस-तीस असतील. मी वाकले. आणि त्यात एक काळं, खरबरीत, ओबडधोबड नाणं होतं, इतर कुणी ढुंकून पाहिलं नसतं असं. त्याचं साल वाचलं आणि माझ्या कानात वारं भरलं. सतराशे नव्याण्णव.

या नाण्यांच्या दुनियेत नव्याण्णवचा सेंट म्हणजे लोक आयुष्यभर शोधतात आणि ज्याच्याशिवाय मरतात ती चीज. आपल्याकडे लोभी माणूस नव्याण्णवच्या फेऱ्यात सापडला म्हणतात, मी अक्षरशः सापडले. खोटी फार असतात, हेही खरं. अठ्ठ्याण्णवचा आठ खरवडून नऊ केलेली. मला ते फार सोयीचं झालं. खोटं असेल तर सांगायचं काय, आणि खरं आहे की नाही हे हातात आल्याशिवाय कळायचं कसं. तरी मी ते निवडलं नाही. निवडलं असतं तर त्यानं विचारलं असतं, हे काळं का? आणि माझा चेहरा मला माहीत आहे. मी शेजारचं एक साधं, गोंडस, पानं स्पष्ट असलेलं उचललं आणि म्हटलं, हे बघा किती सुंदर आहे. काळं आपोआप येईल, म्हटलं. डबे द्यायचे, वाट बघायची. टिन संपतोच कधीतरी.

आता आईंच्या तांब्याचं सांगते. आई अकोल्याहून येताना तांब्याचा गडू घेऊन आल्या होत्या. सकाळी त्यातून सूर्याला पाणी द्यायच्या. इथला सूर्य एरवी कुठला दर्शन देतो, पण त्या वर्षी रोज हजर होता. दर गुरुवारी आई तो चिंच-मिठानं घासून भिंतीवर उन्हात पालथा घालायच्या. तो असा झळकायचा की पलीकडे डोनलच्या स्वयंपाकघराच्या छतावर कवडसा पडायचा. एका गुरुवारी मी प्लांटला असताना डोनलनं खुणेनं विचारलं, हे कसं करता? आईंनी खुणेनंच दाखवलं, आणि चिंचेचा गोळा, मीठ, काथ्याचा तुकडा सगळं भिंतीवर ठेवलं. संध्याकाळी मला सांगितलंही. "डोनलभाऊले चिंच देल्ली बाप्पा. त्याच्या घरी पितळ असन." मी हो हो म्हटलं. माझं डोकं तेव्हाही त्या काळ्या नाण्यात होतं.

ऑगस्टमध्ये आईंचं विमान ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी डोनल प्रथमच भिंत सोडून आमच्या पुढच्या दाराशी आला. तोंडावर मास्क, अंगात कोट, आणि दोन्ही हातांत आमचा स्टीलचा डबा, वाटीनं दूध न्यावं तसा सांभाळून धरलेला. पायरीवर डबा ठेवला आणि मागे सरला. "हे मिसेससाठी," म्हणाला. "सगळे एकदम. मला माहीत आहे, तुमच्याकडे भांडं रिकामं जात नाही. म्हटलं, शेवटचं आहे, तर नीट भरून द्यावं."

आईंनी झाकण उघडलं. टिनमधली उरलेली सगळी नाणी आत होती. गुलाबी. केशरी. कोवळ्या उन्हासारखी चकाकत होती. प्रत्येक त्यानं चिंच-मिठानं घासलं होतं, आठ दिवस लागले म्हणाला, बोटांची सालं निघाली. त्याची ती जन्माची तपकिरी बोटंसुद्धा उजळली होती.

"पाह्य, कसे सोन्यावानी चमकून राहिले," आई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

मी पुढे झाले, हात घालून ढवळलं आणि ते शोधून काढलं. खड्डे पडलेलं, नागडं, सोलून काढल्यासारखं. सतराशे नव्याण्णव. आणि माझ्या तोंडून जे आलं ते मी थांबवू शकले नाही. "हे काय केलंत तुम्ही? वाटोळं केलंत. हे काय होतं माहीत आहे का तुम्हाला?"

डोनलनं माझ्याकडे पाहिलं. मास्कमुळे डोळेच दिसत होते. त्यात राग नव्हता. हिशेब लागत होता, मला दिसत होतं, एकेक डबा, एकेक शनिवार त्याला आठवत होता.

"नाही," तो म्हणाला. "तू म्हणालीस फारशी किंमत नसावी."

मग तो आईंकडे वळला, मान लववली, "सेफ होम, मिसेस," म्हणाला आणि निघून गेला. आई मला विचारत राहिल्या, काय म्हटलं वं त्यानं, तू कायले ओरडली त्याच्यावर? मी म्हटलं, काही नाही, नाणी जुनी आहेत, घासायची नव्हती. आईंचा चेहरा पडला. "मंग माहीच चूक हाय. मीच शिकवलं त्याले." दुसऱ्या दिवशी डब्लिनच्या विमानतळावरही त्या तेच म्हणत होत्या, माहीच चूक हाय. आणि मी त्यांना तसंच जाऊ दिलं. हे दुसरं पाप, आणि हे पहिल्याहून मोठं आहे असं मला कधी कधी वाटतं.

ते नाणं मी प्लांटमध्ये जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली धरलं. नवाच्या आकड्याला कुणी हात लावलेला नव्हता. खरं होतं. घासलं नसतं, तर त्यात एक बरी गाडी आली असती. डोनलची गाडी पंधरा वर्षांची आहे, थंडीत सुरू होत नाही.

त्यानंतर मी डबा दिला नाही. कुठल्या तोंडानं देणार? ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं, नाताळाच्या आधी जरा उघडलं, जानेवारीत पुन्हा कडेकोट. दुपारी साडेचारला काळोख. तो हिवाळा डोनलनं कसा काढला, मला माहीत नाही. त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा. कधी संध्याकाळी तो मागच्या दारात येऊन उभा राहिलेला दिसायचा, जरा वेळ, आणि मी खिडकीतून मागे सरायचे. मला लाज वाटत होती हे खरं, पण माझ्या लाजेपायी तो एकटा जेवत होता हेही खरं. व्हिडिओ कॉलवर आई दर रविवारी विचारायच्या, "डोनलभाऊले डबा देतं ना वं?" मी म्हणायचे, देते ना आई. "काय केलं या खेपी?" मग मी एखादा पदार्थ सांगायचे. न केलेल्या स्वयंपाकाची अशी मोठी यादी झाली आहे माझ्याकडे.

यंदा मेमध्ये कुंपणं पांढरी झाली. पडदा ओढून मी एक आठवडा काढला. मग एका दुपारी कोट चढवला, डोनलची सगळी नाणी, डब्यांतून आलेली आणि त्या शेवटच्या दिवशीची, एका पेटीत घातली आणि वसाहतीला वळसा घालून त्याच्या पुढच्या दाराशी गेले. भिंतीवरून हाक मारायचा हक्क मी घालवला होता.

तो वाळला होता. लशीचे दोन्ही डोस झाले म्हणाला, ग्रँड आहे म्हणाला. आत बोलावलं. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं, एका दमात, घरून पाठ करून गेल्यासारखं. की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. की मी खोटं बोलले. की मी त्या एका नाण्यासाठी डबे पाठवत राहिले. की आईंचा काही दोष नाही, तुमचा तर नाहीच नाही. की त्याची किंमत किती होती. मध्येच रडू आलं ते दाबलं, कारण रडून त्याच्याकडून सुटका मागितल्यासारखं झालं असतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पेटी टेबलावर ठेवून विचारलं, "त्यातलं कोणतं?"

मी काढून दिलं. नऊ महिन्यांत त्यावर पुन्हा काळपट डाग धरले होते, कुठे गुलाबी, कुठे जांभळट, बरं होत आलेल्या भाजल्याच्या जखमेसारखे. त्यानं चष्मा लावला, खिडकीकडे धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. कौतुकानंही नाही आणि हळहळीनंही नाही.

"मागायचं होतंस गं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिलं असतं." आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवून, माझी बोटं त्यावर मिटून, अगदी साधेपणानं म्हणाला, "मग तुला एवढं रांधत बसावं लागलं नसतं."

मला म्हणायचं होतं, तसं नाही, डोनल, सगळंच काही नाण्यासाठी नव्हतं. निदान एक तरी डबा नुसता तुमच्यासाठी होता. पण त्यानं विचारलं असतं कोणता, तर नाव घेता यायला हवं ना. मी तिथे उभी राहून सबंध वसंत आठवत राहिले, पुरणपोळ्या, पाटवड्या, एकेक शनिवार. शेवटी एक सापडला. पहिला, साखरभाताचा. तो आईंनी केला होता.